कोरड्या विहिरीतली काडेपेटी

लातूर जिल्हा झालं तेव्हा मला मिसरूड फुटत होती, आणि या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला बऱ्याच उशिरा पटलं. गावाला बढती मिळाली होती, मग आम्हाला का मिळू नये, असा साधा हिशोब होता. काल जिथं सरकीची पोती रचलेली असत तिथं आज टेबल मांडून साहेब बसत होता. भाड्याच्या इमारतींवर ओल्या रंगाच्या पाट्या चढत होत्या आणि एखादं ऑफिस आठवड्यात दोनदा जागा बदलून लोकांना पळवत होतं. जो तो कुठंतरी निघालेला. पाऊस तेवढा कुठं निघाला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जिल्हा आला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. बाबा म्हणायचे, दोघंही एकाच एस.टी.नं आले असावेत.

बाबा नांदेडला कारकून होते. नव्या जिल्ह्याला जुनी माणसं लागतात म्हणून त्यांची बदली इकडं झाली. एका डाळ मिलच्या मागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मिल सकाळी सुरू झाली की ताटं, पेले आणि भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, सगळं बारीक थरथरू लागायचं. तुरीचा पिवळा कोंडा उडून अंथरुणावर, भाकरीवर, माझ्या नव्या मिशीवर बसायचा. जेवायला बहुतेक वेळा पातळ वरण, भाकरी आणि ठेचा; एखाद्या रविवारी मुरमुरे भिजवून माय सुशीला करायची, पण मुरमुरे भिजवायलाही पाणी लागतं, म्हणून तो रविवारही महिन्यातून एखादाच यायचा. पहाटे मात्र आमच्या घरात वेगळाच वास असे. माय तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. काळा तिखट धूर खोलीभर फिरायचा, आम्ही भावंडं अंथरुणात खोकत उठायचो, तोच आमचा गजर. मग ती उंबऱ्यावर बसून बोटानं दात घासत डोळे मिटून घ्यायची. बाबा शेजारी बसून तळहातावर तंबाखू-चुना मळायचे. दोघंही मान हलवून एकमेकांना सांगत की समोरच्या भाडेकरूचा पोरगा सिगारेटी ओढतो, वाया गेला. मिश्री दातासाठी आणि तंबाखू पोटासाठी असते. व्यसन म्हणजे ज्याला धूर दिसतो ते, असा आमच्या घराचा कायदा होता. तव्यावरचा धूर कायद्यात बसत नव्हता.

पाण्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टँकर कधी यायचा ते टँकरवाल्यालाही माहीत नसे. आला की गल्लीत घागरींचा असा खणखणाट व्हायचा की मिलचा आवाज बुडून जायचा. घरात एकच पाणी तीन कामं करी. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, तेच मग दारातल्या तुळशीएवढ्या मिरचीच्या रोपाला घालायचं. अशा घरात बिडी ओढून आलेल्या पोरानं तोंड धुवायचं कसं? एकदा मी चोरून पेलाभर पाण्यानं चूळ भरली, तर मायनं मागून माझी मान धरली. तिला वास आला नव्हता, पाण्याचा आवाज आला होता. "अर्धं तोंड धुवून बी माणूस सोभतो," ती म्हणाली. बिडीचा गुन्हा सुटला, चुळीचा सापडला. त्यानंतर मी कडुलिंबाचा पाला चावून घरी यायचो. पाला इतका कडू की पुढच्या बिडीची आठवण आपोआप गोड व्हायची.

बिडी शिकवली उत्तमनं. उत्तमच्या घरची जमीन औशाच्या रस्त्याला गावाबाहेर लागूनच होती. तो माझ्या वर्गात, पण अंगानं माझ्या दीडपट. तिसरा सलीम. त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानातली सगळ्यात मोडकी सायकल सलीमच्या वाट्याला आलेली. मी नांदेडचा, म्हणून "काय करून राहिलास" म्हणायचो. ती दोघं "काय करलालास" म्हणून माझ्यामागं लागायची. बिडी ओढायला लागलो आणि माझं नांदेडपण संपलं. एका काडीवर तीन बिड्या पेटल्या की गावं विसरायला होतात.

मला बिडीपेक्षा बिडी धरण्याची कला आवडायची. बाबांच्या ऑफिसातले एक साहेब सिगारेट दोन बोटांत धरून, मान तिरकी करून, डोळा बारीक करायचे. मी ती नक्कल मायच्या आरशासमोर पेन्सिलीवर घोटली होती. उत्तमला असल्या नाटकाची गरज नव्हती. तो बिडी ओढायचा ती औत हाकल्यासारखी. सलीम दोन झुरके घ्यायचा आणि सायकलच्या चाकाकडं बघत बसायचा. शाळेत विज्ञानाच्या सरांनी फुप्फुसाचा तक्ता टांगला आणि धुरानं काय होतं ते सांगितलं, तेव्हा उत्तमनं उभं राहून विचारलं होतं की सर, धूर हलका असतो ना, हलकी वस्तू वर जाते ना, मग ती छातीत कशाला थांबेल? सरांनी त्याला बसवलं. पण आम्हाला सिद्धांत मिळाला. शिवाय आमच्या आया जन्मभर चुलीचा धूर खात होत्या आणि आमच्यापेक्षा जोरात ओरडत होत्या, हा आणखी एक पुरावा. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे स्वतः उत्तम.

उत्तमचा दम. हे मी आज कुणाला सांगतो तेव्हा लोकांना वाटतं की गोष्ट फुगवतोय. मी फुगवतो, तो माझा धंदाच आहे, पण हे नाही. कबड्डीत तो समोरच्यांच्या अंगणात शिरला की त्याचं "कबड्डी कबड्डी" विहिरीवरच्या इंजिनासारखं एका लयीत चालायचं. समोरचे सातजण त्याच्या पायावर पडलेले असायचे, तोंडात माती गेलेली असायची, तरी लय तुटायची नाही. मी त्याच संघात होतो, पण माझा दम मधल्या रेषेपर्यंत जाऊन परत यायचा, मी मागाहून. त्या उन्हाळ्यात बातमी आली की नव्या जिल्ह्याचा स्वतःचा संघ निवडणार. पहिलाच संघ. आजवर आमच्या पोरांना दुसऱ्या जिल्ह्याच्या नावानं खेळावं लागे; आता छातीवर लातूर लिहिलेलं असणार होतं. उत्तम निवडला जाणार यात कुणाला शंका नव्हती. त्याच्या चुलत्यानं तर गड्यांना सांगून टाकलं होतं की पोरगा खेळाच्या जोरावर पोलिसात लागणार. शेतात काही उरलं नव्हतं. घरात जे काही आशेचं होतं ते उत्तमच्या छातीत होतं. त्यालाही ते माहीत होतं. त्यामुळं तो स्वस्थ बसायचा नाही. रात्री पळायचा, सकाळी पळायचा, आणि मध्ये आमच्याबरोबर विहिरीत उतरून बिडी ओढायचा.

विहीर त्याच्या चुलत्याचीच. होळीच्या आधीच कोरडी पडलेली. आत दगडी पायऱ्या होत्या, तळाशी गारवा होता, वरून कुणाला काही दिसत नव्हतं. धूर वर येईपर्यंत हवेत मिसळून जायचा. मायला मी विहिरीचं कधी सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी, भोकरकडं, तिच्या लहानपणी आमच्या माणसांनी असल्या विहिरीच्या काठालासुद्धा जायचं नाही असा रिवाज होता. लांब थांबायचं आणि कुणी वरून पाणी ओतेल त्याची वाट बघायची. आणि तिचा लेक त्याच जातीच्या विहिरीच्या तळाशी बसून बिडी ओढत होता. ही प्रगती तिला कशी सांगावी हे मला सुचत नव्हतं.

वैशाखात उत्तमच्या चुलत्यानं पाणी लागेल या आशेनं विहिरीच्या तळात सुरुंग लावले. जुन्या तळात दोन पुरुष खोल नवा खड्डा झाला. मग काम करणारी माणसं लग्नसराईला आपापल्या गावी गेली आणि खड्डा तसाच राहिला. आम्हाला काय, घर वाढवून मिळाल्याचा आनंद. एका दुपारी आम्ही निघालो. सलीमला घरच्यांनी पाणी आणायला धाडलं होतं, त्याच्या सायकलला दोन रिकाम्या घागरी दोरानं बांधलेल्या. तो म्हणाला, मी वरच थांबतो, कुणी आलं तर घंटी वाजवतो. उत्तम आणि मी पायऱ्या उतरलो, आणि खड्ड्याच्या कपारीत पाय रोवत आणखी खाली. तिथं इतकं गार होतं की उत्तम लगेच खडकाला पाठ टेकून पाय पसरून बसला. त्यानं बिडी ओठात धरली. मी उभ्यानं काडी ओढली.

काडी फुरफुरली आणि विझली. दुसरी ओढली, तीही विझली. उत्तम म्हणाला, काडेपेटी सादळली. मी म्हणालो, हो, सादळलीच असणार. आता बघा, त्या साली सगळ्या मराठवाड्यात ओल म्हणून नव्हती, लोक खालच्या खडकातून पाणी खरडून काढत होते, आणि आम्ही दोन शहाणे विहिरीत बसून काडेपेटीला ओल लागली म्हणत होतो. मी आणखी काड्या ओढल्या. डोकं जड झालं होतं, छाती भरून आल्यासारखी वाटत होती, पण ते उन्हातून आल्यामुळं असेल असं वाटलं. जरा मोकळं वाटावं म्हणून मी कपारीत पाय देऊन थोडा वर चढलो आणि सहज काडी ओढली. ती छान पेटली. पेटती काडी घेऊन खाली वाकलो तर विझली. पुन्हा वर, पेटली. खाली, विझली. जणू कुणी अदृश्य माणूस माझ्या गुडघ्याजवळ बसून फुंकर मारत होता. मला खेळ सापडला. मी आवाज लावून म्हणालो, "उत्तम, जादू बघ गड्या, खाली मरते, वर जगते."

उत्तमची हनुवटी छातीला लागली होती. बिडी अजून ओठात होती.

तेव्हा मला भोकरकडची मामाच्या गावातली एक सकाळ आठवली. जुन्या विहिरीत माणूस उतरवण्याआधी गडी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडत. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर कुणी उतरत नसे. लिंबाचे डहाळे दोरीला बांधून तासभर वर-खाली घोळवायचे, पाणी ओतायचं, मग पुन्हा कंदील. लहान होतो, मला ती पूजा वाटली होती. आणि मी आत्ता तीच पूजा हातात धरून तिची जादू करत होतो. मी ओरडलो, पण माझा तो पुढं प्रसिद्ध झालेला आवाज विहिरीत फिरून मलाच ऐकू आला. वरून सलीमनं विचारलं, क्या हुआ? मी म्हणालो दोर टाक, खाली ये, पण खड्ड्यात उतरू नको.

सलीमनं घागरी सोडल्या, दोर घेऊन जुन्या तळापर्यंत आला आणि त्याचं टोक खड्ड्यात सोडलं. मी वरच्या हवेत मोठा श्वास घेतला, तोंड मिटलं आणि खाली उतरलो. आयुष्यात मी एकच चढाई नीट केली, ती हीच. मनात कबड्डी कबड्डी म्हणत होतो. उत्तमच्या काखेतून दोर घालायला गेलो, अर्धा घातला, दम संपला, वर पळालो. श्वास घेतला, पुन्हा उतरलो. गाठ मारली. त्याच्या तोंडात एक ठेवून दिली, त्यानं डोळे उघडले पण ते माझ्याकडं बघत नव्हते. सलीम पायरीला टाच लावून ओढत होता, मी खालून ढकलत होतो, आणि उत्तमचे पाय सवयीनं कपारी शोधत होते. तो खड्ड्याच्या काठावर पालथा पडला तेव्हा त्याला उलटी झाली. बऱ्याच वेळानं तो बोलला, आणि काय बोलला? "काडेपेटी बदलून घे रे."

वर येऊन आम्ही लिंबाखाली पडून राहिलो. डोकं ठणकत होतं. मी कंदिलाचं सांगितलं तेव्हा उत्तम उठून बसला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. तो म्हणाला, म्हणजे आपण बिडी पेटवली नसती तर कळलंच नसतं. नुसतं गार हवेला बसलो असतो तर तिथंच झोपलो असतो. "बिडीनं वाचिवलं लेकाहो," तो म्हणाला. सलीम दोराच्या घड्या घालत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "बीडी नहीं पीते तो नीचे कायकू जाते?" पण त्याचं कोण ऐकतंय. एवढं सुंदर वाक्य हाती लागलं असताना सलीमसारख्या माणसाचं ऐकत नसतात.

घरी गेलो तेव्हा माय उंबऱ्यात बसली होती. तोंडाला वास नव्हता, पाला चावलेला नव्हता, आणि त्यामुळंच तिला संशय आला असावा. मी सगळं सांगून टाकलं, विहीर, काडी, कंदील. भोकरच्या लेकीला कंदील म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. ती आत गेली, त्या दिवशी टँकरची मिळालेली एक घागर बाहेर आणली, मला मोरीत बसवलं आणि सगळी घागर माझ्या डोक्यावर ओतली. एक थेंब राखला नाही. बाबा दारातून बघत राहिले. तळहातावरची तंबाखू मळायची विसरून गेले होते. त्या सालात आमच्या घरात इतकं पाणी एका माणसावर कधी खर्च झालं नव्हतं. मी त्या पाण्याखाली रडलो, आणि ते कुणाला कळलं नाही अशी माझी समजूत आहे.

निवड त्याच आठवड्यात होती. मैदानावर सगळा जिल्हा लोटलेला, निदान मला तरी तसं वाटलं. उत्तमची पहिली चढाई झकास झाली. दुसऱ्या चढाईत त्यानं दोघांना शिवलं, तिसऱ्यानं त्याचा घोटा धरला, आणि तो मधल्या रेषेकडं सरपटू लागला. असलं आम्ही शंभरदा पाहिलं होतं. हात रेषेपासून वीतभर असताना त्याची कबड्डी थांबली. तुटली नाही, थांबली, मिल बंद झाल्यावर गल्लीत होतं तसं झालं. त्यानं तोंड उघडलेलं होतं आणि आतून काही येत नव्हतं. मग खोकला आला. त्याचं नाव निघालं नाही. चुलता मैदानाच्या कडेला उभा होता. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि घराकडं चालू लागला. उत्तम मला म्हणाला, विहिरीनं दम नेला माझा. सलीमनं माझ्याकडं पाहिलं. असेलही. विहिरीनं दम नेला आणि बिडीनं जीव वाचवला, अशी वाटणी करून उत्तमनं तो उन्हाळा संपवला. पावसाळा लागल्यावर विहिरीत पाणी आलं आणि आमचं घर बुडालं.

पुढं उत्तम एस.टी.त कंडक्टर झाला, लातूर-नांदेड गाडीवर. सलीम उदगीरला गेला, दुकान टाकलं. मी मास्तर झालो आणि माइक दिसेल तिथं बोलायला उभा राहू लागलो. बिडी मी सोडली, पण त्यात शहाणपण काही नव्हतं. ऐन भाषणात खोकला आला की लोक हसण्याच्या जागा चुकतात, एवढंच कारण. उत्तमनं सोडली नाही. लग्नात, बारशात, एस.टी. स्टँडवर, कुणी त्याला बिडीवरून बोललं की तो मला हाक मारायचा, "मिलिंदा, विहीर सांग." मी सांगायचो. कंदील, जादू, काखेतला दोर, सगळं अभिनयासकट. शेवटी मी थांबायचो, आणि त्या थांब्यात उत्तम गाडीला टिंग टिंग दिल्यासारखा दणक्यात म्हणायचा, "बिडीनं वाचिवलं." लोक टाळ्या द्यायचे. उपदेश करणारा माणूस स्वतःच हसून बाजूला व्हायचा. आमचा दोघांचा हा प्रयोग किती वर्षं चालला ते मी मोजलेलं नाही. कुठंही पडला नाही.

परवा औशाच्या रस्त्याला त्याच्या घरी गेलो होतो. शेत आता राहिलं नाही, प्लॉट पडलेत; विहीर जिथं होती तिथं कुणाची तरी गच्ची आहे. उत्तम खाटेवर उशांना टेकून बसला होता, शेजारी वाफ देणारं ते घरघरतं मशीन. सकाळी मिल सुरू व्हायची त्याची मला आठवण झाली. सूनबाईनं चहा दिला आणि म्हणाली, काका, ती विहिरीची गोष्ट सांगा की, लग्नात ऐकली होती. उत्तमनं मान हलवली. हाक मारायची ताकद नव्हती, मानेनंच सांगितलं.

मी सांगितली. उभा राहून सांगितली, काही कमी केलं नाही. काडी वर पेटली, खाली विझली, सून हसली. दोर ओढला, उलटी झाली, काडेपेटी बदलून झाली. आणि नेहमीच्या जागेवर मी थांबलो. उत्तमनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यानं हात वर केला, थांब म्हणून. मी थांबलो. रंगमंचावर मी इतका लांब थांबा कधी घेतलेला नाही. मशीन चालू होतं, सून कपबशी हातात धरून उभी होती, आणि उत्तम रेषेकडं सरपटावं तसा त्या वाक्याकडं निघाला होता. शेवटी त्याला थोडी हवा सापडली.

"पेटली..." तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, उरलेलं म्हणाला.

"पेटलीच नव्हती रे, बिडी."